नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश

रविवारी सकाळी साडेसातला फोन वाजला की तो वाईहून आप्पांचाच असतो.

"अगं, झोपली होतीस का?"

"नाही हो आप्पा, बोला." (झोपलेच होते.)

"हा म्हणतोय, नवीन सुधारणा आली आहे. आत्ता करू की रात्री करू, असं विचारतोय. नको म्हणायची सोयच ठेवलेली नाही. आमच्या खात्यात बदलीची ऑर्डर यायची तशी."

'हा' म्हणजे आप्पांचा लॅपटॉप. महिन्यातून एकदा तरी हा फोन येतो. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस स्वतःच्याच टेबलावरच्या स्वतःच्याच यंत्राला उत्तर द्यायला घाबरतो आणि शंभर किलोमीटरवरच्या लेकीला विचारतो. नवरा म्हणतो, "वयाचा भाग आहे, सोड." पण हा वयाचा भाग नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. आप्पांना या यंत्राची भीती कुणी लावली, कधी लावली आणि त्यात माझा हात किती, हे एकदा लिहून टाकायचंच होतं. मावशी आणि काका मंडळी हे वाचतीलच, त्यांनी मला रागवायला हरकत नाही.

आप्पा पाटबंधारे खात्यातून २००८ साली हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. समोर आलेला कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचायचा, आणि मगच सही करायची. घरीही तेच. गॅसच्या पावतीमागचा मजकूर, रेल्वेच्या तिकिटामागच्या सूचना, औषधाच्या खोक्यातली ती बारीक अक्षरांची घडी घातलेली चिठ्ठी, सगळं वाचून व्हायचं. आई म्हणायची, "अहो, लग्नाची पत्रिका आहे ती, टेंडर नव्हे." शेवटी विश्वकोशाच्या गावचा माणूस, वाचणारच.

अशा माणसाला न वाचता 'हो' म्हणायला शिकवलं कुणी? मी.

२००९ ची दिवाळी. बोनसमधून मी आप्पांना कंप्युटर घेऊन दिला. निमित्त होतं आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं. त्यांच्याकडे दोन ट्रंका भरून कागद होते. चुलत-मावस नातेवाइकांची पत्रं, वंशावळीचे तुकडे, कुणाच्या तरी जन्मटिपणाची पिवळी झालेली नक्कल. हे सगळं मराठीत टंकून काढायचं, अशी त्यांची निवृत्तीनंतरची योजना होती. मी मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम टाकायला घेतला आणि पडद्यावर ते करारपत्र उघडलं. आप्पांनी चश्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्याच परिच्छेदाला त्यांनी विचारलं, "यातलं 'आम्ही' म्हणजे नक्की कोण?"

मला हसू आलं. फराळाचं ताट वाट बघत होतं, संध्याकाळची गाडी पकडायची होती. मी म्हटलं, "आप्पा, हे वाचायचं नसतं. जगात कुणीच वाचत नाही. नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट आणि शेवटी फिनिश."

"न वाचता?"

"न वाचता."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू कोऱ्या चेकवर सही करायला सांगतेय. पण मुलगी हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत, म्हणजे या विषयातली तज्ज्ञ. त्यांनी मुकाट्याने वहीत लिहून घेतलं: 'नेक्स्ट तीन वेळा, फिनिश एक वेळा.' ती वही अजून आहे. मी पाहिली की अजून ओशाळते.

पुढच्या मे महिन्यात सुट्टीला गेले. कंप्युटर चालू केला आणि चहा करून आले तरी तो चालूच होत होता. ब्राउझर उघडला, तर वरच्या बाजूला एकाखाली एक चार पट्ट्या. एक हवामान सांगणारी, एक पत्ते खेळायला बोलावणारी, दोन नुसत्या शोधायच्या चौकटी. खरं पान बघायला उरली होती एसटीच्या बुकिंग खिडकीएवढी फट. उघडलं की येणारं पहिलं पानही भलत्याचंच झालेलं. दोन अँटीव्हायरस एकमेकांकडे संशयाने बघत बसलेले. आणि कोपऱ्यात एक लाल डबा उड्या मारत होता, की तुमच्या संगणकात हजाराहून जास्त चुका आहेत, दुरुस्त करायच्या तर डॉलर भरा.

त्या लाल डब्याने आप्पांची झोप उडवली होती. ज्या माणसाच्या फाइलीत ऑडिटला कधी चूक निघाली नाही, त्याला रोज सकाळी कुणीतरी सांगत होतं की तुझ्या घरात हजार चुका आहेत. आईने मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगितलं, "पंधरा दिवस झाले, त्यांनी त्याला हात लावला नाहीये. मी बिघडवला म्हणतात."

मी काय करायला हवं होतं आणि काय केलं? मी ओरडले. "आप्पा, तुम्ही कुठेही कसं क्लिक करता हो? समोर आलं की दाबायचं का?"

आप्पा एवढंच म्हणाले, "मी मनाने काही केलं नाही गं. तो विचारायचा, मी नेक्स्ट म्हणायचो." आणि उठून ओसरीवर गेले. ओसरीवर त्यांचं काहीही काम नव्हतं.

त्या रात्री तीन तास बसून मी सगळी घाण काढली. काही पट्ट्या काढायला गेलं, की 'तुम्हाला खरंच जायचंय का?' असं रडक्या तोंडाच्या चित्रासकट विचारत होत्या. एक तर काढली, कंप्युटर बंद करून चालू केला, की परत हजर. झुरळं परवडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आप्पा उठले तशी मीही उठले. तेव्हाचं ते ब्रॉडबँड आठवतंय ना? महिन्याची मर्यादा ठरलेली, आणि रात्री दोन ते सकाळी आठ मोफत. त्यामुळे आप्पा सगळी 'सरकारी कामं' पहाटे करायचे, तीही वीज जायच्या आत. मी मागे उभी राहून नुसतं बघत होते. सिनेमे, गाणी दाखवणाऱ्या एका फुकट प्रोग्रॅमचं अपडेट आलं. पहिली खिडकी करारपत्राची. नेक्स्ट. दुसऱ्या खिडकीत मोठ्या अक्षरात 'शिफारस केलेली पद्धत' आणि खाली करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात, की आमच्या मित्रकंपनीची पट्टीही बसवा. समोर चौकोन, आणि चौकोनात टिक आधीच मारलेली. नेक्स्ट. तिसरी खिडकी. नेक्स्ट. फिनिश.

आप्पा कुठेही क्लिक करत नव्हते. मी शिकवलं होतं, तेवढंच आणि तस्संच करत होते.

तेव्हा मी त्यांना सॉरी म्हटलं नाही. आमच्या घरात मुलांनी वडिलांना सॉरी म्हणायची पद्धत नाही आणि बहुधा हिंमतही झाली नाही. आज इथे म्हणतेय.

आता त्या टिकबद्दल. बाहेरच्या माणसाला वाटतं, की राहिली असेल चुकून. चुकून काही राहत नाही. फुकट प्रोग्रॅम बनवणाऱ्याला पट्टीवाली कंपनी दर बसवणुकीमागे पैसे देते. चौकोन रिकामा ठेवला तर तो मुद्दाम जाऊन भरणारे किती? फारच थोडे. टिक आधीच असली तर ती मुद्दाम जाऊन काढणारे किती? तेही थोडेच. बाकीचे सगळे आमच्या आप्पांसारखे, समोर ठेवलं ते मान्य करणारे. सगळा धंदा त्या 'बाकीच्यां'वर उभा आहे.

हे मी इतक्या खात्रीने सांगते, कारण मी सॉफ्टवेअर तपासायचंच काम करते. त्या सुट्टीवरून परत आल्यावर काही महिन्यांनी आमच्याकडे एका परदेशी क्लाएंटचा इन्स्टॉलर तपासायला आला. त्यात हुबेहूब तोच चौकोन होता, टिकसकट. मी बग नोंदवला: 'ग्राहकाने न मागितलेली निवड आधीच केलेली आहे.' दोन दिवसांत तो बंद होऊन परत आला. शेरा होता, 'वर्क्स ॲज डिझाइन्ड'. म्हणजे, असंच करायचं ठरलं होतं. मी तो शेरा वाचला आणि पुढचा बग उघडला. त्या महिन्याचा पगार वेळेवर झाला. त्यामुळे मी फार वरच्या पट्टीत बोलू नये हे मला कळतं, तरीही बोलते.

आणि हे गल्लीबोळातल्या कंपन्याच करत होत्या, असंही नाही. जावाचंच घ्या. सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली, आणि पुढे कित्येक वर्षं विंडोजवर जावाच्या अपडेटबरोबर आस्क टूलबार यायचा, अर्थातच टिक मारून. २०१३ च्या सुरुवातीला जावात गंभीर भोकं सापडली, सगळे तज्ज्ञ सांगत होते की ताबडतोब अपडेट करा, आणि त्या तातडीच्या दुरुस्तीच्या पुडीतही तोच टूलबार होता. वर त्याची हुशारी अशी, की जावा बसल्यानंतर तो दहा मिनिटं दबा धरून बसायचा आणि मग स्वतःला बसवून घ्यायचा. म्हणजे कुणी शहाणा माणूस लगेच जाऊन 'काय काय बसलं' ही यादी बघायला गेला तर यादीत तो नाहीच! चोरसुद्धा एवढा विचार करत नसतील. २०१५ मध्ये ओरॅकलने आस्कला सोडलं आणि याहूला धरलं. ॲडोबीच्या फ्लॅश प्लेअरबरोबर मॅकॅफीचा सिक्युरिटी स्कॅन यायचा, तोही टिक मारूनच.

आमचे सुधाकाका वाईजवळच ऊस करतात. त्यांना हा प्रकार समजावून सांगितला तर ते म्हणाले, "हे तर लिंकिंग." शेती करणाऱ्यांना सांगायला नको. ऐन हंगामात युरिया मागायला जावं, तर दुकानदार म्हणतो युरिया मिळेल, पण बरोबर ही दुसऱ्या खताची गोणी घ्यावी लागेल. बंदी आहे, तक्रारी होतात, पेपरात येतं आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच. पण काका पुढे जे म्हणाले ते मला जास्त पटलं. "आमचा दुकानदार निदान तोंडावर सांगतो. दुसरी गोणी पाठीमागून गुपचूप गाडीत टाकत नाही."

फुकट देणाऱ्यानेही पोट भरायला हवं, हे मला मान्य आहे. जाहिरात दाखवा, देणगी मागा, चांगली आवृत्ती विकत द्या. यातल्या प्रत्येकात मी 'नको' म्हणू शकते. माझं भांडण पट्टीशी नाहीच. पट्टी मी तीन तासांत काढली. माझं भांडण आहे ते ती कुठल्या गाडीतून आली याच्याशी.

अपडेट म्हणजे मुळात काय? बनवणाऱ्याने कबूल करायचं, की आम्ही दिलेल्या घराच्या खिडकीची कडी सैल राहिली होती, आता सुतार पाठवतो, त्याला आत घ्या. सुताराला आपण आत घेतो, कारण तो सुतार आहे. तो एका हाताने कडी बसवता बसवता दुसऱ्या हाताने माजघरात पलंग आणून टाकायला लागला, की पुढच्या वेळी आपण दारच उघडत नाही. मग कडी सैलच राहते.

हे सुचायला माझी गरज नव्हती. मार्च २००८ मध्ये ॲपलने विंडोजवरच्या आपल्या अपडेट करणाऱ्या प्रोग्रॅममधून सफारी ब्राउझर लोकांपुढे ठेवला. ज्यांनी आयट्यून्स किंवा क्विकटाइम घेतलं होतं, सफारी कधी मागितलाच नव्हता, त्यांनाही. आणि टिक मारलेली. तेव्हा मोझिलाचे प्रमुख असलेले जॉन लिली यांनी जाहीर हरकत घेतली होती. ते प्रतिस्पर्धी ब्राउझरवाले, त्यामुळे त्यांचा स्वार्थ होताच. पण मुद्दा खरा होता, की लोक अपडेट घेतात ते बनवणाऱ्यावर विश्वास ठेवून, आणि अशाने तो विश्वास सगळ्यांचाच जातो. पुढच्याच महिन्यात ॲपलने यादीचे दोन भाग केले, 'अपडेट्स' वेगळी आणि 'नवीन सॉफ्टवेअर' वेगळं. टिक मात्र तशीच ठेवली. :-)

विश्वास गेला की काय होतं, ते मी आमच्याच घरात पाहिलं.

त्या ओरडण्यानंतर आप्पांनी एक नवा नियम केला. मला सांगितला नाही, वहीत लिहिला. 'काहीही विचारले तरी नको म्हणावे.' सगळ्यालाच. पट्टी नको, पत्ते नको, लाल डबा नको, आणि त्याच ओघात सुरक्षेची अपडेट्सही नकोत. खिडकी आली की 'नंतर आठवण करा'. पुढे कधीतरी शेजारच्या मुलाकडून त्यांनी ती आठवणही बंद करून घेतली. मी सुट्टीला जायची तर कंप्युटर कसा लख्ख! एकही पट्टी नाही. मी खूश. माझं ओरडणं कामी आलं असंच मला वाटत होतं.

१२ मे २०१७, शुक्रवार. वॉनाक्राय नावाच्या प्रकरणाने जगभर कंप्युटर बंद पडायला लागले. फायलींना कुलूप, आणि किल्ली हवी तर बिटकॉइनमध्ये खंडणी. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांवर ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलायची वेळ आली. ज्या भोकातून तो शिरत होता ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच काढलं होतं. दोन महिने आधी! ज्यांनी घेतलं होतं ते वाचले.

शनिवारी सकाळी मी सहज वाईला फोन केला. "आप्पा, अपडेट्स वेळच्या वेळी घेताय ना?"

"छे! एकही नाही." आवाजात केवढा अभिमान. "तू बोललीस तेव्हापासून एकालाही आत घेतलेलं नाही. सात वर्षं झाली."

माझ्या पोटात खड्डाच पडला. त्या कंप्युटरमध्ये आठ वर्षांचा कुलवृत्तांत होता. २१४ पानं. दुसरी प्रत कुठेच नव्हती. ज्यांच्या तोंडून ती माहिती घेतली त्यातले निम्मे लोक तोवर गेलेही होते. मी आप्पांना म्हटलं, भिंतीवरचं बटण बंद करा, इंटरनेटची वायर काढा आणि काहीही करू नका. स्वारगेटहून मिळेल ती एसटी पकडली. खंबाटकी घाटात गाडी अडकली तेव्हा मी खिडकीला डोकं टेकून देवाचं नाव घेत होते, आणि मी काही फारशी देवभोळी नाही.

काही झालं नव्हतं. सगळी पानं शाबूत होती. दोन पेनड्राइव्हवर प्रती काढल्या, एक आईच्या दागिन्यांच्या डब्यात ठेवली. मग सात वर्षांची अपडेट्स घ्यायला बसले. ते काम रविवार संध्याकाळपर्यंत चाललं. आप्पा शेजारी बसून होते. मी त्यांना समजावलं, की आप्पा, माझं चुकलं, नको म्हणायचं ते पाहुण्यांना, सुताराला नव्हे. अपडेट घेत जा. त्यांना पटलं. वहीत नवा नियम लिहिला गेला.

तो नियम सहा आठवडे टिकला. २७ जूनला नॉटपेट्या आला. युक्रेनमध्ये हिशेबासाठी सर्रास वापरलं जाणारं एम.ई.डॉक नावाचं सॉफ्टवेअर होतं. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच विष कालवलं. ज्यांनी शहाण्यासारखं, वेळच्या वेळी अपडेट घेतलं, त्यांच्या घरात ते पहिल्यांदा शिरलं, आणि तिथून मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यांतून देशोदेशी पसरलं. मेर्स्क या जहाज कंपनीचे कारभार ठप्प झाले, आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही त्यात अडकलं, म्हणून ते मराठी पेपरांत आलं. आप्पा पेपर वाचतात. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

फोन आला. "अगं, हे अपडेट घेतल्यामुळेच बुडाले म्हणे. आता नियम काय करू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे तांत्रिक उत्तर होतं, की असं क्वचित होतं, न घेण्याचा धोका घेण्याच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, वगैरे. ते मी दिलंही. पण ज्या माणसाला आपण एकदा 'न वाचता हो म्हणा' सांगितलं, मग 'कशालाही हो का म्हणता' म्हणून झापलं, मग 'हो म्हणत जा' म्हणून विनवलं, त्याने चौथ्यांदा आपल्यावर का विश्वास ठेवावा? तेव्हापासून त्यांनी नियम करणंच सोडलं. विचारतात. दर वेळी फोन करून.

मला कधी कधी वाटतं, ते चार टूलबार बनवणाऱ्यांना त्या बसवणुकीमागे आप्पांकडून काय मिळालं असेल? काही सेंट? आणि आप्पांचं त्यात काय गेलं, ते कुणाच्या हिशेबात धरायचं?

आता ते टूलबार गेले. फ्लॅशही ३१ डिसेंबर २०२० ला संपला. पण सवय गेली नाही, फक्त घर बदललं. गेल्या वर्षी आईला नवा फोन घेतला. डबा फोडला, तर आत तीन खेळ, दोन खरेदीची दुकानं आणि बातम्यांचं एक पान आधीच मुक्कामाला. निम्मी काढताच येत नाहीत, फक्त 'निष्क्रिय' करता येतात. म्हणजे पाहुणा जाणार नाही, फक्त झोपून राहील. रात्री फोनचं मोठं अपडेट झालं आणि सकाळी दोन नवे खेळ. आईने मला विचारलं, "मी काय दाबलं गं?"

तोच प्रश्न. सोळा वर्षांनी, दुसऱ्या खोलीतून.

'काही दाबलं नाहीस आई. तू काहीही दाबलं नाहीस.' या वेळी तरी मी हे पहिल्यांदा म्हटलं.

कायदा काही करत नाही असं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. गूगलची ॲप्स फोनमध्ये एकगठ्ठा घालायची सक्ती, हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. पुढे अपिलात दंड टिकला, काही निर्देश मात्र गळाले. त्याच्या कितीतरी आधी, २००४ मध्ये, युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला मीडिया प्लेअरशिवायची विंडोज विकायला लावली होती. किंमत तीच ठेवल्यावर ती कोण घेणार? कुणी घेतली नाही म्हणा ना. आणि कंपन्यांनाच का बोला, मोह सरकारलाही होतो. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने संचार साथी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालायचा आदेश काढला. ओरड झाली आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. ते ॲप चोरीचे फोन शोधायला खरंच उपयोगी आहे. मग लोकांना सांगून, विचारून द्या की. चांगली गोष्टही न विचारता घरात टाकली की तिच्याकडे चोरासारखंच बघितलं जातं.

मला कुणी विचारलं (विचारत नाही) तर मी दोनच गोष्टी मागेन. दुरुस्ती एकटी यावी, तिच्याबरोबर विकायचा माल नको. आणि 'हो' जेवढ्या मोठ्या अक्षरात, तेवढ्याच मोठ्या अक्षरात 'नको'.

असो. तर रविवारची सकाळ.

"आप्पा, पडद्यावर काय काय लिहिलंय ते सगळं वाचून दाखवा."

"सगळं?"

"सगळं. पहिल्या शब्दापासून."

मी उठून चहाचं आधण ठेवलं, फोन स्पीकरवर टाकला. आप्पांनी घसा खाकरला. आवृत्ती क्रमांक, किती एमबी, कुठल्या त्रुटी दूर केल्या, सगळं संथ लयीत, कार्यालयीन टिपणी वाचल्यासारखं. मधेच थांबून म्हणाले, "यातलं 'आम्ही' म्हणजे कोण, ते अजूनही लिहीत नाहीत बघ." मला हसू आलं, पण या वेळचं वेगळं होतं.

मग म्हणाले, "थांब. खाली बारीक अक्षरात आहे. 'आमचा नवा सहायक तुमच्यासाठी सुरू करत आहोत.' पुढे चौकोन. टिक मारलेली आहे. ही मी मारलेली नाही हां."

"माहीत आहे. काढा ती."

"काढली." मग थोडा वेळ काहीच आवाज नाही.

"आप्पा? आता नेक्स्ट करा."

"करतो गं, घाई नको. आधी वहीत नोंद करतोय. तारीख, काय आलं, काय घेतलं, काय नाकारलं. आपलं आवक रजिस्टर." पेन झटकल्याचा आवाज आला. "त्या सहायकाचं स्पेलिंग काय म्हणालीस?"